हातात धरलेली सायकल

लिफ्टचं दार बंद होता होता सातव्या मजल्यावरचे मिस्टर लिम आत शिरले आणि माझ्याकडे बघून त्यांनी अंगठा वर केला. "वाह, अंकल! सेव्हन्टी किलोमीटर आह! सो पॉवर." माझ्या हातात दुधाची पिशवी होती. ती मी उगाचच या हातातून त्या हातात घेतली आणि "नो, नो" म्हणालो. ते खरं तर साधं 'नाही' होतं, पण तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याचा विनय झाला. माझ्या बाबतीत असं पूर्वीपासून होत आलं आहे. मी काही नाकारलं की लोकांना ते सुसंस्कृतपणाचं लक्षण वाटतं. मिस्टर लिमनी माझ्या खांद्यावर थोपटलं, माझं वय विचारलं, बहात्तर ऐकून पुन्हा "वाह" म्हणाले आणि सातव्या मजल्यावर उतरून गेले. बाराव्यापर्यंत मी एकटाच होतो. लिफ्टच्या आरशात एक बुटका म्हातारा दिसत होता. त्याला कुणी पॉवर म्हणेल असं वाटत नव्हतं.

विक्रांतने, माझ्या मुलाने, जपानच्या सहलीतला माझा सायकलवरचा फोटो नेटवर टाकला होता; त्याखाली त्याने खोटं असं काहीच लिहिलं नव्हतं. मी ते चारदा वाचून पाहिलं. 'सत्तर किलोमीटरच्या त्या प्रसिद्ध सायकल-मार्गावर, बहात्तर वर्षांचे बाबा.' एवढंच. पण वाचणाऱ्यांनी सत्तर आणि बहात्तर एकमेकांना जोडले आणि नोव्हेंबरात घडलेली गोष्ट जानेवारीपर्यंत इतकी लांब झाली. विक्रांतच्या रॅफल्स प्लेसच्या बँकेतल्या लोकांनी ती वाचली. सूनबाईच्या, अनुयाच्या, योगाच्या वर्गात ती पोचली. तिथून मिसेस लिम, तिथून मिस्टर लिम. आणि मरीन परेडच्या पद्माकररावांचा फोनही आला होता. हे आमच्या मराठी ज्येष्ठांच्या गटाचे चिटणीस. आवाज असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो.

"निशिकांतराव, संक्रांतीच्या शनिवारी दुपारी आमच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये जमतोय. तीळगूळ, गुळाची पोळी आणि तुमचं भाषण."

"माझं कसलं भाषण?"

"अहो, आमच्यात बहुतेकांची धाव बेडरूमपासून बाथरूमपर्यंत. तीसुद्धा मध्ये एकदा बसून. तुम्ही येऊन जरा लाज आणा आम्हाला."

मी म्हणालो, मला बोलता येत नाही. ते म्हणाले, सायकल चालवता येते ना, मग झालं. यावर मी गप्प बसलो. मला वाटतं, ते गप्प बसणं हे या सगळ्या प्रकरणातलं एकमेव खोटं. पण ते त्या दिवशीचं नव्हतं, त्याचं वय पंचावन्न वर्षं होतं.

मला सायकल येत नाही. हे वाक्य मी याआधी लिहिलेलंही नाही. साठच्या सुमाराच्या पुण्यात सायकल न येणं म्हणजे काय, हे आता कुणाला समजावून सांगणं कठीण आहे. तिथे दूधवाला, प्राध्यापक, भटजी, परकरातल्या मुली सगळे सायकलवर. ज्या वयात मुलं मधल्या दांड्याखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत शिकतात, त्या वयाच्या सुट्टीत मला विषमज्वर झाला. दोन महिने मी अंथरुणात पडून वाचत होतो. उठलो तेव्हा माझ्या बरोबरीची मुलं डबलसीट जात होती. पुढच्या सुट्टीत शिकू म्हणालो आणि मग पडताना कुणाला दिसण्याचं वय निघून गेलं. मॅट्रिक झाल्यावर मनोहरमामांनी त्यांची जुनी हिरवी सायकल मला दिली. नको म्हणायला कारण लागलं असतं. म्हणून मी ती घेतली, आणि कॉलेजची चार वर्षं रोज लकडी पुलावरून ती हातात धरून नेली, हातात धरून आणली. कुणी शेजारून जाताना "काय रे?" म्हणून ओरडला की मी म्हणायचो, "पंक्चर." एवढा एकच शब्द. तो पुरायचा. चार वर्षांत कितीतरी वेगवेगळे लोक मला विचारत गेले असावेत आणि प्रत्येकाला ते पंक्चर त्याच दिवशीचं वाटत असावं. निदान मी तसं धरून चाललो होतो.

एकदा मात्र वर्गातला एक मुलगा आपली सायकल सोडून उतरला आणि मला ओढत कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने टायरमधून ट्यूब काढली, हवा भरली आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवून इंच इंच फिरवली. पूर्ण वेढा झाला. एक बुडबुडा आला नाही. त्याने पुन्हा एक वेढा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. मला त्याचा चेहरा आठवत नाही, कोपरापर्यंत ओले हात तेवढे आठवतात. त्याने ट्यूब पुसली, कानशीने एक जागा घासली आणि त्या धडधाकट ट्यूबला एक ठिगळ लावून दिलं. मित्र म्हणाला, "बघ, पाच मिनिटांचं काम." मी मान हलवली. त्या माणसाने माझ्यावर उपकार केले की मला कायमचं अडकवलं, याचा निर्णय माझ्याकडून अजून झालेला नाही.

पुढे मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या तालिकेची, कॅटलॉगची, कार्डं लिहायच्या कामाला लागलो, बसने जाऊ लागलो आणि प्रश्न मिटला. लग्न झालं ती अरुणा सोलापूरची. येताना तिने टॉवेलांचा एक गठ्ठाच आणला होता. नवा टॉवेल पाणी पीत नाही, अंगावरून नुसता घसरतो, म्हणून ती नवे टॉवेल दोन-तीनदा भिजवून, पिळून, वाळवून मगच वापरायला काढायची. "आधी त्याचा तोरा उतरू दे," म्हणायची. ती शाळेत शिकवायला सायकलने जायची, वीस वर्षं गेली. दर रविवारी तिच्या चाकांत हवा मी भरायचो. माझा गुडघा पूर्वी दुखावला आहे, असं मी तिला लग्नानंतर लगेच सांगून ठेवलं होतं. कोणता गुडघा, हे तिने कधी विचारलं नाही. आता ती जाऊन पाच वर्षं झाली. तिला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. कधी वाटतं, होतं. कधी वाटतं, एवढं लक्ष देऊन माझ्याकडे कुणी कशाला बघेल.

आणि विक्रांत. त्याला सायकल मी शिकवली. हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण शिकवता येतं. मी आयुष्यभर लोकांना सायकल चालवताना बघत आलो होतो, बाकी कुणी इतकं बघितलं नसेल. नजर लांब ठेव. चाकाकडे बघू नकोस. ज्या बाजूला पडशील असं वाटतं त्याच बाजूला हँडल वळव. मागे बघायचं नाही, मी धरलंय. सगळं बरोबर सांगितलं. तो सात वर्षांचा होता आणि मी सीटला मागून धरून मैदानात पळत होतो. आज तो रविवारी पहाटे उठून आमच्या पासिर रिसपासून चांगी विमानतळाच्या पलीकडे पन्नास-पन्नास किलोमीटर जाऊन येतो, घट्ट कपडे घालतो, त्याच्या खोलीत एक सायकल भिंतीवर टांगलेली आहे. मित्रांना सांगतो, माझ्या बाबांनी शिकवली. म्हणून तर जपानमधल्या त्या गावी जायचं ठरलं. समुद्राकाठचं इमाबारी. एका बाजूला जहाजांच्या कारखान्यांच्या उंच क्रेन, दुसऱ्या बाजूला टॉवेल विणणाऱ्यांच्या गिरण्या, आणि गावाच्या टोकाहून एकामागून एक पूल निघतात ते बेटांवरून उड्या मारत पलीकडच्या किनाऱ्याला जातात. त्या पुलांवर सायकलींसाठी वेगळी वाट आहे. विक्रांत म्हणाला, "बाबा, सगळं नाही करायचं. फक्त पहिला पूल. चार किलोमीटर. तुम्ही, मी, अनुया, गार्गी. मला तुमच्याबरोबर एकदा चालवायचीय." मी गुडघ्याचं म्हणालो. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात सायकल गुडघ्याला उत्तम." मी बॅग भरायला घेतली.

आदल्या दिवशी आम्ही टॉवेलांच्या दुकानात गेलो होतो. दुकानातल्या बाईंनी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, नव्या टॉवेलचा नखाएवढा तुकडा वर अलगद सोडला आणि बोटांवर मोजू लागल्या. पाच मोजायच्या आत तो तुकडा पाणी पिऊन तळाला गेला. न धुतलेला, कोरा. गार्गीला ते इतकं आवडलं की तिने तीनदा करायला लावलं. माझी ही नात दहा वर्षांची. मी त्या तुकड्याकडे बघत राहिलो. अरुणाला दाखवायला हवं होतं, असं मनात आलं, आणि मग काहीच आलं नाही.

सायकली भाड्याने मिळतात तिथे एक कागद भरायचा होता. नाव, वय, उंची. बाकीच्या सगळ्याचा विचार मी करून ठेवला होता, उंचीचा केला नव्हता. विक्रांतने माझ्या वतीने एकशे बासष्ट लिहिलं. एका तरुणाने माझ्याकडे एकदाच बघून सीट खाली केली, स्क्रू आवळला आणि कमरेत वाकून सायकल माझ्या हातात दिली. हँडलच्या मुठी गार होत्या. आणि मला एकदम हायसं वाटलं, कारण हातात धरलेली सायकल कशी असते हे मला ठाऊक होतं. किती कलती धरायची, पायडल पोटरीला लागू नये म्हणून किती अंतर ठेवायचं, ते शरीराला अजून येत होतं. "आम्ही पुढे होतो, तुम्ही आणि गार्गी सावकाश या," विक्रांत म्हणाला. दोघं गेले. पुलावर चढायची वाट गोल गोल वळत जाते. रस्त्यावर एक निळी रेघ आखलेली असते, ती धरून जायचं, चुकायचं नाही. गार्गीही पुढे गेली. मी निळ्या रेघेवरून चालू लागलो.

अर्ध्या वळणावर ती परत आली. एक पाय टेकवून उभी राहिली. हेल्मेटखाली तिचं तोंड लहान दिसत होतं. "आजोबा, व्हाय यू वॉकिंग?"

"पंक्चर," मी म्हणालो.

शब्द आपसूक आला, जणू तो मधली पन्नास वर्षं तिथेच बसून होता. गार्गी सायकलवरून उतरली, वाकली आणि तिने पुढच्या टायरवर अंगठा दाबला. मग मागच्या. "टाइट आहे," ती म्हणाली. आजवर कुणी अंगठा लावून बघितला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मुलांना बेरीज करायला वेळ लागत नाही.

"यू डोन्ट नो हाउ, इज इट?"

"नाही येत."

"बाबाला माहीत आहे?"

"नाही."

तिने थोडा विचार केला. "ओके लाह," ती म्हणाली आणि आपली सायकल हातात धरून माझ्या शेजारून चालू लागली.

तो पूल चालत ओलांडायला आम्हांला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासाबद्दल मला लिहायला हवं, पण माझ्याकडे त्यात घडलेलं काही नाही. खाली समुद्राचं पाणी नदीसारखं वाहत होतं आणि मधेच जागच्या जागी गोल फिरत होतं. एक मालवाहू जहाज प्रवाहाविरुद्ध इतकं हळू येत होतं की आमचीच चाल जास्त होती. लोखंडी दोरांमधून वारा बारीक आवाज करत होता. सायकलवाले जवळून जाताना 'कोन्निचिवा' म्हणायचे आणि गार्गी वाकून उत्तर द्यायची, मग सायकल कलंडायची, मग हसायची. तिने मला शाळेतल्या चिनी भाषेच्या बाईंची नक्कल करून दाखवली. मी तिला लकडी पुलाबद्दल सांगितलं, घमेल्यातल्या ट्यूबबद्दल सांगितलं. "बट देअर वॉज नो होल!" ती म्हणाली. "मग पॅच कशाला लावला?" मी म्हणालो, मला कळलेलं नाही. मला वाटतं, त्या सव्वा तासात मला माझी लाज वाटत नव्हती. पण हे मी आता म्हणतो आहे, त्या वेळी कदाचित फक्त पाय दुखत असतील.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला विक्रांत वाट बघून मागे आला होता. "आलात! फोटो, फोटो. बाबा, बसा ना सीटवर." मी बसलो. सीट खाली होती, दोन्ही पाय जमिनीला टेकत होते. तरी सायकल एका बाजूला जाऊ लागली, तेवढ्यात ती मागून कुणी तरी घट्ट धरली. विक्रांतने फोटो काढला. मग मी गुडघा चोळला, सायकल तिथल्याच केंद्रावर परत दिली आणि बसने गावात आलो. त्या फोटोत, नीट बघितलं तर, माझ्या पाठीमागे कॅरियरवर चार लहान बोटं दिसतात.

शनिवारच्या आदल्या दिवशी गार्गी शाळेतून आली ती थेट माझ्या खोलीत. तिच्या हातात वही होती. सुट्टीवरचा निबंध. बाईंना इतका आवडला की त्यांनी वर्गात वाचून दाखवला. मी वाचला. माय ग्रँडफादर सायकल्ड अक्रॉस द सी, असं पहिलंच वाक्य होतं. इंग्रजी चांगलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं. वाऱ्याचा आवाज होता, हळू येणारं जहाज होतं. फक्त आम्ही दोघं सायकलवर होतो.

"असं का लिहिलंस?"

"बिकॉज एव्हरीबडी ऑलरेडी सॉ द फोटो." मग ती माझ्या पलंगाच्या कडेवर बसली. "आजोबा, उद्या तुम्ही पण असंच सांगणार ना? देन वी सेम-सेम. यू डोन्ट वरी, मी कुणाला सांगणार नाही." तिने हे इतक्या सहज सांगितलं की मला त्या दुकानदाराचे कोपरापर्यंत ओले हात दिसले. धडधाकट ट्यूब. तिने ठिगळ लावून आणलं होतं. आणि माझ्या लक्षात आलं, की मी एकटाच चालत होतो तोवर ठीक होतं. उद्या त्या हॉलमध्ये मी बोललो की हे मूल दहाव्या वर्षी पंक्चर म्हणायला लागेल, आणि मग तिला तो शब्द किती वर्षं पुरेल.

हॉल पोहण्याच्या तलावाला लागून होता. तीसेक माणसं, बायकांच्या काळ्या साड्या, एसी इतका की काहींनी शाली घेतल्या होत्या. पद्माकररावांच्या सविताताईंनी तीळगूळ हातावर ठेवला. "बोलताना दातांत अडकेल हं, चावून खा आधी." पद्माकररावांनी माझी ओळख करून देताना सहा पूल म्हटलं. मी उभा राहिलो. पहिल्या रांगेत गार्गी बसली होती, आपल्या बुटांकडे बघत. विक्रांत मागे, भिंतीला टेकून, फोन उभा धरून. मी काही लिहून आणलं होतं, तो कागद खिशातच राहिला. मी टॉवेलच्या तुकड्यापासून सुरुवात केली. मग निळी रेघ, जागच्या जागी फिरणारं पाणी, जहाज, पुलाच्या कठड्याच्या खिळ्यांवर बसलेलं मीठ. मला वाटतं मी बराच वेळ बोललो. एक गृहस्थ मधेच म्हणाले, "अहो, सायकलवरून एवढं दिसतं? आम्हांला समोरचं कुत्रं दिसत नसे." लोक हसले.

"सायकल हातात होती," मी म्हणालो. "मला सायकल येत नाही. कधीच येत नव्हती. मी पूल चालत ओलांडला. एकच पूल, चार किलोमीटर. आणि माझी नातही चालली, माझ्यामुळे."

मग पद्माकरराव मोठ्याने हसले. "हा पुणेरी विनय! टाळ्या!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी "नाही, नाही" म्हणत होतो. ते पुन्हा तसंच झालं. मी गार्गीकडे पाहिलं. ती उभी राहिली होती. "इट्स ट्रू," ती म्हणाली, फार मोठ्याने नाही. "मी पण वॉक केलं. माझा निबंध राँग आहे." मग टाळ्या इकडे-तिकडे विरत गेल्या, कुणाच्या तरी चालू, कुणाच्या बंद. सविताताई म्हणाल्या, "चार किलोमीटर चाललात ना? मग आमच्यासाठी तेही पुष्कळ. चला, पोळ्या निवतायत." विक्रांतचा फोन खाली आलेला होता.

बसमध्ये तो पुढच्या सीटवर जाऊन बसला. पाया लेबारला आम्ही एमआरटी, इथली मेट्रो, धरली. संध्याकाळचं ऊन डब्यात सरळ येत होतं. अनुयाने एकदा "बाबा, पाणी?" विचारलं. गार्गी माझ्या आणि विक्रांतच्या मध्ये बसली होती आणि तीळगुळाचे दाणे एकेक करून खात होती. तानाह मेराह स्टेशन गेल्यावर विक्रांतने फोन काढला, तो फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. कॅरियरवरची चार बोटं पडदाभर झाली.

"माझ्या वेळी," तो म्हणाला, फोटोकडे बघतच, "तुम्ही हात नक्की कधी सोडलात? मी तेव्हा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ते सांगायचं नसतं."

मला ते मैदान दिसलं. कडेची बाभूळ, त्याच्या निळ्या चड्डीला लागलेलं वंगण, माझी चप्पल. हे सांगायची गरज नव्हती. आजच्यापुरतं झालं होतं. तो ज्या गोष्टीसाठी मला मानत आला, ती तेवढी त्याच्याकडे राहिली असती.

"मी सोडला नव्हता रे," मी म्हणालो. "मला धाप लागली. माझ्या हातून निसटली सीट."

"आणि मी तसाच पुढे गेलो?"

"गेलास. फाटकापर्यंत."

"तुम्ही काय करत होतात?"

"मी पडलो होतो. तू बघितलं नाहीस. मागे बघायचं नाही, असं मीच सांगितलं होतं."

पासिर रिस आलं. शेवटचं स्टेशन असल्यामुळे सगळेच उठतात, घाई कुणालाच नसते. मी खांब धरून उभा राहिलो. दारातून पाय बाहेर टाकताना मागून कुणी तरी माझं कोपर धरलं. कोण, ते मी वळून बघितलं नाही.